मध्यवर्ती कल्पना आणि अर्धा इंच जागा

कॅट म्हणा, जीआरई म्हणा, आरसीची एक युक्ती क्लासमध्ये हमखास मिळते. परिच्छेदाची मध्यवर्ती कल्पना विचारली की पहिलं वाक्य वाचा, फार तर शेवटचं, आणि पुढे चला! पण हा नियम आला कुठून, हे शोधायला गेलं की गाडी थेट स्कॉटलंडला पोचते.

अलेक्झांडर बेन हा ॲबर्डीनच्या एका विणकराचा मुलगा. पुढे तिथल्याच विद्यापीठात तर्कशास्त्र आणि इंग्रजी, दोन्ही शिकवायचा. १८६६ साली त्याने इंग्रजी लेखनावर पुस्तक काढलं आणि त्यात परिच्छेदाचे नियम घालून दिले. त्यातला एक असा, की पहिल्या वाक्यातून विषय ठळक कळावा. ते वाक्य उघडच प्रस्तावनेचं असेल तर गोष्ट वेगळी. लक्षात घ्या, हा नियम लिहिणाऱ्यासाठी होता. पुढे अमेरिकन पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि होता होता तो वाचणाऱ्याच्या गळ्यात पडला. (कोडिंग स्टँडर्ड आहे म्हणून दुसऱ्याचा कोड न वाचताच ॲप्रूव्ह करावा, तसं. असो.)

खरी गंमत १९१७ची. मांजरांना कोड्याच्या पेट्यांत कोंडून ती कशी शिकतात ते मोजणारा मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यावेळी शाळकरी मुलांकडे वळला. सहावीच्या मुलांना त्याने एक छोटासा उतारा दिला. फ्रँकलिन नावाच्या गावात सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हजर राहिलंच पाहिजे. मूल फार आजारी असेल, घरात कुणाला संसर्गजन्य रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तरच सुटका. संपला उतारा. मुळात तो सगळा एकाच वाक्याचा होता! म्हणजे आपली पहिल्या वाक्याची युक्ती इथे जागीच आडवी.

मग विचारलं, या परिच्छेदाचा विषय काय? कुणी लिहिलं 'फ्रँकलिन', कुणी 'शाळा', कुणाला आजारपणच दिसलं. काहींनी तर उत्तर दिलं की अर्धा इंच जागा सोडायची. 'परिच्छेद' म्हटल्यावर बिचाऱ्यांना वहीच आठवली.

थॉर्नडाइक या पोरांना हसला नाही. त्याच्या मते एखादा शब्द डोक्यात नको इतका भाव खाऊन जातो आणि बाकीचे त्याखाली चेपले जातात. वाचणं हे गणित सोडवण्यासारखंच आहे. योग्य घटक निवडायचे, त्यांची नाती जुळवायची आणि ज्याला त्याला बेताचं वजन द्यायचं. क्लायंटच्या मेलमध्ये 'डेडलाइन' दिसलं की आपलंही हेच होतं ना? खालची 'अमुक सोडून' ही अट मग टेस्टिंगच्या दिवशी सापडते.

१९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉकने नावाजलेल्या अमेरिकन मासिकांतले २५ लेख पिंजून काढले. माहितीपर परिच्छेदांपैकी विषयवाक्याने सुरू होणारे निघाले जेमतेम १३ टक्के. आणि आरसीचे उतारे येतात ते साधारण अशाच लेखनातून.

म्हणून मी पर्याय वाचताना त्या सहावीतल्या पोरांना आठवतो. चुकीचे पर्याय बहुतेक त्यांचीच उत्तरं असतात. एक फार अरुंद ('मूल आजारी असेल तर'), एक फार ऐसपैस ('शाळा') आणि एक नुसताच नजरेत भरलेला शब्द ('फ्रँकलिन'). बरोबर उत्तर या सगळ्यांपेक्षा रटाळ दिसतं: फ्रँकलिनमध्ये शाळेची हजेरी कुणाला सक्तीची आणि त्यातून सूट कधी.