पाटण नावाची नोंद

ग्रंथसूचीत ‘पाटण’ शोधू गेल्यास अभ्यासकापुढे तीन नगरे उभी राहतात : बौद्ध विहारांचे नेपाळातील ललितपूर, जैन ज्ञानभांडारांचे गुजरातेतील अणहिलवाड आणि सातारा जिल्ह्यातील कोयनाकाठचे आपले पाटण. नोंदीत जिल्हा नसेल तर तिसरे हमखास मागे पडते. याच नदीच्या कृष्णासंगमावरील कऱ्हाडचे उदाहरण अधिक बोलके आहे. भारहुत स्तूपाच्या दानलेखांत ‘करहकट’ येथील निगमाचे दान नोंदले आहे. ते हेच नगर मानले जाते. संस्कृतात ते करहाटक झाले, इंग्रजी कागदपत्रांत तर वर्णलेखनाला धरबंधच नाही. हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९१२ साली प्राचीन ब्राह्मी लेखांची सूची प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक लेखास क्रमांक, स्थळ व आशय दिला. आजच्या ‘मेटाडेटा’चा हा पूर्वजच म्हणावा. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन येथे आरंभ झालेल्या ‘डब्लिन कोअर’ संचात पुढे पंधरा घटक ठरले. त्यांत स्थळकाळासाठी स्वतंत्र रकाना आहे. आपले प्रकाशक मात्र बहुधा लेखक व शीर्षक भरून थांबतात. त्या रकान्याशी करहकट, करहाटक, कऱ्हाड ही तिन्ही रूपे जोडली, तरच भारहुतचा दानलेख शोधणाऱ्या वाचकास संगणकावर आगाशिवाची लेणीही सापडतील.