वसईच्या सावलींतील वाड्या

इतिहास म्हटला कीं तह आणि वेढे यांकडेच आमचें लक्ष प्रथम जातें. वसईविषयीं तर हें विशेष खरें. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला, १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला, आणि १८०२ सालीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला तोही येथेंच. हें सर्व शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु झाडांच्या सावलींत बहुवर्षायु वनस्पती वाढविण्याची जी विद्या या तिन्ही अमलांतून टिकून राहिली, तिची कथा आम्ही क्वचितच सांगतों.

तिचा पहिला धडा रानांत मिळतो. वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरपायथ्याशीं चिंचोटी गांव आहे. धबधब्यासाठीं लोक तेथें जातात. त्यांनीं वाटेवरील झाडांखालींही पाहावें. उत्तर कोंकणांतील अशा रानांची जमीन वैशाखांत ओसाड दिसते. पण पहिल्या पावसाबरोबर रानहळद, पेवा, फोडशी हीं पेरल्यावांचून वर येतात. त्यांचे कंद व मुळें भुईंत निजलेलीं असतात. वरचे वृक्ष ऊन गाळून देतात, आणि त्यांचा पालापाचोळा खालच्यांचें खत होतो.

पश्चिमेस समुद्राकडील वाड्यांत माणसानें हीच रचना हातानें उभी केली. वर नारळ-सुपारी, मध्यें केळ, आणि त्यांच्या आडोशानें पानवेल, अळू, हळद, आलें. पाणी विहिरींचें, किंवा बावखल नांवाच्या खोदीव तळ्यांचें. तें बैलांच्या रहाटानें वर येई. यांत पानवेलीची जोपासना सर्वांत नाजूक. तिला ऊन हवें, पण गाळलेलें. ओल हवी, पण सांचलेली नको. वेल फार उंच गेला म्हणजे माळी त्याची उतरण करितो, म्हणजे तो खालीं घेऊन त्याचें वेटोळें मातींत पुरतो. तेथें नवीं मुळें फुटून जुनाच वेल पुन्हा तरुण होतो.

ही संपत्ति पोर्तुगीजांच्याही नजरेंत भरली होती. गार्सिया द ओर्ता या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत पान, सुपारी, आलें, हळद यांची संवादरूपानें चर्चा केली आहे. वसईच्या अमलाखालील मुंबई बेट त्याजकडे खंडानें होतें, म्हणून त्याचें नांव या प्रांतास परकें नाहीं. पुढें येथील कित्येक कुटुंबांनीं धर्म बदलला. पण मशागत बदलली नाहीं. वाडवळ आणि सामवेदी या समाजांत हिंदु व ख्रिस्ती अशीं दोन्ही घरें आहेत, आणि वाडीची विद्या दोघांचीही वडिलोपार्जित आहे.

जें राज्यक्रांतींनीं साधलें नाहीं तें जमिनीच्या भावानें साधूं पाहिलें आहे. रहाटांच्या जागीं पंप आले, उपसा वाढला आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. शहर वाढत असतां बावखलें बुजलीं आणि वाड्यांचे भूखंड पडले. माड तोडतांना आपण एकच झाड तोडीत आहों असें घरमालकास वाटतें. वस्तुतः त्याच्या छायेंतील सगळा संसार तो मोडीत असतो.

तरीही घराभोंवतीं हातभर जागा असलेल्या कुटुंबास ही विद्या अगदींच दुर्लभ नाहीं. सकाळचें ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा कोपऱ्यांत हळदीचा गड्डा लावावा, ओलसर जागीं सोनटक्का, कुंपणास अडुळसा. भुईचाफा तर उन्हाळ्यांत पानांच्याही आधीं भुईंतून फूल वर काढतो. मात्र अशा बागेंत रोप मागाहून येतें, सावली आधीं लागते. आणि सावली धरावयास लागणारीं वर्षें वसईच्या माळ्यानें स्वतःसाठीं मोजलीं नाहींत, नातवांसाठीं मोजलीं, हें विसरतां कामा नये.