जुनी टू-स्ट्रोक शर्यतीसाठी तयार करताय? आधी हे वाचा

कर्जत / खालापूर : कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या पट्ट्यात अजूनही कितीतरी घरांच्या पडवीत जुनी टू-स्ट्रोक गाडी उभी दिसते. कुणाची आरएक्स 100, कुणाची येझदी, एखाद्याकडे राजदूत 350. वडिलांनी घेतलेली गाडी पोरगा बाहेर काढतो आणि पहिला विचार मनात येतो तो शर्यतीचा. मग सायलेन्सर कापायचा, बोअर घासायचा आणि गाडी सुसाट सोडायची. यातल्या बऱ्याच गाड्या महिन्याभरात पिस्टन धरतात. वेगात पिस्टन धरला की मागचं चाक जाग्यावर अडकतं आणि स्वार फेकला जातो. म्हणून कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं नंतर, त्याची ही माहिती.

कोणती गाडी, कधीची?

एस्कॉर्ट्स-यामाहाची आरएक्स 100 भारतात 1985 ते 1996 या काळात बनली. सिलिंडर 98 सीसी, बोअर 50 मिमी, स्ट्रोकही 50 मिमी, ताकद सुमारे 11 हॉर्सपॉवर. राजदूत 350 ही 1983 मध्ये आली, दोन सिलिंडरची, 347 सीसी. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. तो 1996 मध्ये बंद पडला. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशा गाड्यांच्या शर्यती गाजल्या. म्हणजे या इंजिनात दम आहे, पण तो क्रमाने काढावा लागतो.

पहिलं काम : इंजिन धड आहे का?

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर जातं. क्रँकचे ऑइल सील कडक झाले असतील तर तिथून फुकटची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिस्टन धरतो. तीस वर्षांच्या गाडीचे सील न बदलता ट्युनिंग करणं म्हणजे फुटक्या बांधात पाणी अडवणं.

सोबत क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचा खेळ, रीड व्हॉल्व्हच्या पात्या आणि ऑइल पंप तपासा. बोअर करायचा असेल तर 0.25, 0.50 मिमी असं टप्प्याने वाढवा. 1 मिमी वाढवलं तर आरएक्स 100 ही 102 सीसी होते. शर्यतीचा गट 100 सीसीचा असेल तर तेवढी सूट आहे का, ते नियमात आधी बघा. बोअर झाल्यावर पोर्टच्या धारा मोडून घ्यायलाच हव्यात. नाहीतर रिंगा अडकून तुटतात.

पोर्ट : घासलेलं परत येत नाही

सिलिंडरच्या भिंतीतली भोकं किती वेळ उघडी राहतात यावर इंजिनचा स्वभाव ठरतो. हा वेळ क्रँकच्या अंशात मोजतात. रस्त्यावरच्या गाडीचा एक्झॉस्ट पोर्ट साधारण 160 ते 175 अंश उघडा असतो, शर्यतीच्या गाडीचा 190 ते 200 अंशांपर्यंत जातो. पोर्ट वर चढवला की वरच्या आरपीएमला ताकद वाढते, खाली मात्र गाडी मरते. चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रडत चढावा लागतो. शर्यतीचा बैल नांगराला जुंपत नाहीत, तसंच हे.

डिग्रीची चकती क्रँकला लावून मोजल्याशिवाय कानस लावू नका. एकावेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

सायलेन्सर : आवाज नाही, लांबी महत्त्वाची

मोकळा पाइप लावला की गाडी जोरात पळते, हा गैरसमज आहे. टू-स्ट्रोकचा फुगीर पाइप धुराची दाबलाट परत पाठवतो आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतले इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र पुढे नेलं. त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये देश सोडून सुझुकीकडे गेला आणि ती विद्या जपानला पोचली.

हिशोब असा : पोर्ट 180 अंश उघडा आणि इंजिन 9000 आरपीएमला असेल, तर पोर्ट सेकंदाचा तीनशेवा भाग उघडा राहतो. गरम धुरात लाट सेकंदाला सुमारे 510 मीटर जाते. म्हणजे तेवढ्या वेळात 1.7 मीटर. जाऊन-येऊन धरलं तर पाइपची लांबी सुमारे 85 सेंटिमीटर. पाइप कापून छोटा केला की हा मेळ बिघडतो.

जेट, घाट आणि पावसाळा

लोणावळा सुमारे 600 मीटर उंचावर, तिथली हवा खोपोलीपेक्षा साधारण 6 टक्के विरळ. खोपोलीत बसवलेला जेट वर गेल्यावर जाड पडतो, गाडी घुमते. पण वर लहान जेट टाकून तशीच खाली आणली तर मिश्रण पातळ होतं आणि धोका तिथेच आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तीही घाटावरच. घरी परतताना जेट बदलायचा विसर पडू देऊ नका.

सुरुवात कायम मोठ्या जेटने करा, मग एकेक नंबर खाली या. फुल थ्रॉटलवर पळवून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून बघा :

- तपकिरी : ठीक
- काळा, ओला : मिश्रण जाड
- पांढरा किंवा दाणेदार : पातळ, लगेच थांबा

आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण आणखी पातळ होतं, त्यामुळे जुना जेट नंबर चालेलच असं नाही. जुने रबरी पाइपही बदला. पावसाळ्यात हे पेट्रोल पाणी ओढतं. गाडी उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करा.

तेल

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळत असाल तर 1:20 ला लिटरमागे 50 मिली, 1:30 ला 33 मिली. अंदाजाने नको, मापाने घाला. बोरघाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर गाडी सोडली की पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्या.

कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल कलम 52 मध्ये अडकतो.

अधिकृत शर्यती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांखाली होतात. त्यासाठी स्पर्धकाचं लायसन्स काढावं लागतं, हेल्मेट-जॅकेटची तपासणी होते आणि जागेवर अॅम्ब्युलन्स असते. कर्जत-मुरबाड रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

वडिलांची मूळ गाडी असेल तर तिचा बोअर, हेड आणि सायलेन्सर जपून बाजूला ठेवा. घासकाम दुसऱ्या सिलिंडरवर करा. मूळ भाग आता सहज मिळत नाहीत.