घरचा व्यायाम आणि रिकामा खिसा

आमच्या झाडीपट्टीत चार महिन्यांनी भेटलेल्या माणसाला कोणी “वाळलात हो!” म्हटले, तर त्यात कौतुक नसे. ताप येऊन गेला काय, पीक बुडाले काय, सावकार दारात बसला काय, अशी ती काळजीची चौकशी असे. “अंगाने भरलात” हे मात्र सुखाचे लक्षण. ज्या मुलखात रोवण्याच्या दिवसांत बाईमाणूस सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चिखलात वाकलेले असते, तेथे वजन उतरवण्यासाठी मुद्दाम घाम गाळावयाचा, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी सांगितली असती तर लोक हसले असते. आज त्याच भंडाऱ्यात कमरेचा घेर हा घरोघरीचा विषय झाला आहे, आणि व्यायामशाळेची फी परवडत नाही, तेव्हा घरी काय करावे, असे आम्हांला विचारणारे श्रोते व्याख्यान संपल्यावर थांबतात. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या समजुतीपेक्षा बराच अलीकडचा आहे.

आपली जुनी तालीम वजन घटवण्यासाठी नव्हतीच. तिचे काम अंग कमावण्याचे. लाल मातीचा हौद, जोर, बैठका, जोडी, मल्लखांब हे सारे खरे. परंतु त्यामागे खुराक असे, आणि तो खुराक दूध, तूप, बदाम यांचा. म्हणून पैलवानाला संस्थानिकाचा नाही तर सावकाराचा आश्रय लागे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले असे सांगतात. तेथेही पदर पेशव्यांचाच होता. भाताच्या पेजेवर जगणाऱ्या शेतमजुराला तालीम परवडत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. गरज निर्माण झाली ती कचेरीत बसणाऱ्या माणसाला. मामलेदार कचेरी, न्यायालय, शाळा, पेढी यांनी एक बैठा वर्ग जन्माला घातला. त्याचे पोट सुटू लागले. पण पगार बेताचा, वेळ थोडा, आणि चारचौघांत लंगोट लावून उतरण्याचा संकोच मोठा. घरी, एकट्याने, थोडक्यात करावयाचा व्यायाम ही या वर्गाची मागणी होती.

ती मागणी प्रथम ओळखली ती विलायतेतील व्यापाऱ्यांनी. युजेन सँडो हा जर्मनीत जन्मलेला बलवान पुरुष लंडनात प्रसिद्धीस आला आणि त्याने पुस्तके, स्प्रिंगचे डंबेल्स, ताणावयाच्या रबरी दोऱ्या असा घरगुती व्यायामाचा बाजारच मांडला. 1904-05 साली तो हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या आधीच त्याची कीर्ती साताऱ्याकडील औंध संस्थानात पोचली होती. तेथील राजपुत्र भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1897 मध्ये त्याची साधने व पुस्तके मागवली आणि तब्बल दहा वर्षे त्याच्या सूचनांबरहुकूम मेहनत केली. राजपुत्रच ते, त्यांना खर्चाची काय अडचण! पण पुढे त्यांनी ती साधने बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले, आणि मग आयुष्यभर त्यांचाच प्रचार केला. 1909 मध्ये गादीवर आल्यावर संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली, जागोजाग स्वतः प्रात्यक्षिके दाखविली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची उपासना जुनी आहे. पण दहा-बारा स्थिती मोजून, श्वासाच्या लयीत घालावयाचा जो नमस्कार आपण शाळेत शिकलो, त्याला आजचे घाटदार रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. तो वेदकाळापासून जसाच्या तसा चालत आला, असे सांगणाऱ्यांशी आम्ही वाद घालीत नाही. मात्र पुरावा तसे म्हणत नाही. राजेसाहेबांचा मंत्रबीजांवर फार भर होता. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. आम्हांला त्यांची थोरवी दुसऱ्याच ठिकाणी दिसते. साडेसहा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद जमीन मिळाली की नमस्कार होतो, त्याला काही विकत घ्यावे लागत नाही आणि तो दार लावून घालता येतो. सँडोच्या दुकानाला ज्याने स्वतः पैसे मोजले होते, त्यानेच हे दुकान अनावश्यक ठरविले.

‘दार लावून’ हे शब्द आम्ही मुद्दाम योजले. तालीम पुरुषांची होती. भवानरावांनी नमस्कार स्त्रियांनाही आग्रहाने सांगितले. 1936 साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या वृत्तपत्रात लिहिणाऱ्या बाईंनी तेथील वाचकांना या व्यायामाची ओळख करून दिली, आणि 1938 मध्ये त्यांनीच संपादिलेले राजेसाहेबांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. औंधचा नमस्कार लंडनच्या गृहिणीच्या खोलीत असा पोचला.

वऱ्हाडातली गोष्ट आपल्या अधिक जवळची. अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आम्हांला त्याहून मोठे वाटतात ते मंडळाचे उन्हाळी वर्ग. वरठीला गाडीत बसावे, बडनेऱ्याला उतरावे, की अमरावती आलीच. अशा वर्गांतून शिकलेला मास्तर आपल्या शाळेच्या पटांगणात मुलांना जे शिकवी, त्याला साधन लागत नसे.

एवढे सांगितल्यावर श्रोता विचारतो, वजन उतरते काय? येथे इतिहासच थोडा खट्याळ उत्तर देतो. लंडनचा विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ फार लठ्ठ होता. वैद्यांच्या सल्ल्याने तो पहाटे नदीत होडी वल्हवू लागला. बाहू बळकट झाले; पण भूक अशी खवळली की वजन काही हटेना, आणि त्याने वल्ही खाली ठेवली. पुढे आहार बदलून त्याने 202 पौंडांवरून 156 पौंडांपर्यंत मजल मारली आणि 1863 साली ती हकीकत स्वखर्चाने छापली. त्याचा आहार मात्र मांस आणि मद्याचा. तो आपल्याला ना परवडे ना मानवे. त्याच्या हकिकतीतला हिशेब तेवढा घ्यावा. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात, आणि साठ किलोच्या माणसाला अर्धा तास झपझप चालून सव्वाशे-दीडशेच खर्ची पडतात. तेव्हा पंचवीस नमस्कार घालून वर भाताचा आणखी एक वाढा घेणाऱ्याने काट्याला दोष देऊ नये. व्यायामाने हृदय, स्नायू, झोप, रक्तातील साखर सुधारते; वजनाचा बराचसा निकाल ताटात लागतो. आणि प्रगती मोजावयाला काटाही नको. शिंप्याची फीत पुरे: आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईची 80 च्या आत असावी असे डॉक्टर सांगतात. गुडघे दुखत असतील, रक्तदाब असेल, तर नमस्कारांपूर्वी त्यांनाच विचारावे, आणि तोवर चालावे.

ताटातला भातही तोच राहिलेला नाही. आमच्या आजीच्या काळी धान घरच्या उखळात कांडले जाई. तुसाबरोबर सगळा कोंडा जात नसे, आणि कांडणारीच्या खांद्यांना व कमरेला वेगळ्या मेहनतीची गरज नसे. मग जिल्ह्यात गावोगाव राईस मिल आल्या. तांदूळ पांढरा झाला, मुसळ कोपऱ्यात गेले. ते गेल्याचे दुःख करणारे पुरुष आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांतल्या एकानेही ते कधी उचलले नव्हते. बायकांची त्या कष्टातून सुटका झाली हे उत्तमच झाले. पण श्रम कमी झाले तसा मोकळा वेळ त्यांच्या वाट्याला आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. ती दहा दहा मिनिटे सलग असावी, ही जुनी अटही काढून टाकली. घरकामाची हालचालही त्यात धरली. हे वाचून अनेक पतिराजांना समाधान वाटेल, की घरात बाईचा व्यायाम आपोआप होतच आहे! पण ओट्याशी दोन तास उभे राहणे म्हणजे मध्यम श्रम नव्हे. त्याने पाय सुजतात, दम लागत नाही.

घरच्या व्यायामाला पैसा लागत नाही, असे राजेसाहेब सांगत. ते खरेच आहे. पण पहाटेचा अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास ज्या घरात चूल, पाणी, डबे यांनी आधीच धरून ठेवलेला असतो, तेथे तो दुसऱ्या कोणीतरी सोडवून द्यावा लागतो. आमच्या घरी गेली दोन वर्षे पहाटेचा चहा आम्ही करतो. पहिला महिनाभर तो कोणाला पिववत नव्हता.