हिरव्या दिव्याचे दहा सेकंद

बसला रस्त्यात हक्काची जागा द्यायची म्हटली की पुण्याचा दाखला निघतोच. कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटी मार्ग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. राखीव मार्गिकेत दुचाक्या घुसत राहिल्या आणि मधल्या थांब्यावर पोहोचायला प्रवाशांना भर रहदारीतून वाट काढावी लागली. २०१५ च्या ‘रेनबो’ मार्गांवर उजव्या दाराच्या बस आल्या. परभणीत अशी मार्गिका आखायची तर प्रश्न तिथेच वेगळा होतो. जिंतूर, गंगाखेड, पाथरीहून शहरात येणाऱ्या एसटीचे दार डावीकडे असते. रस्त्याच्या मध्यातला थांबा तिच्या कामाचा नाही. मार्गिका डाव्या कडेलाच हवी, आणि ती कड तर रिक्षा, हातगाडे आणि उभ्या दुचाक्यांनी आधीच बळकावलेली.

दुसरी अडचण वारंवारतेची. सिग्नलचे चक्र १२० सेकंदांचे धरले तर तासाला ३० चक्रे होतात. तासाला दहाच बस आल्या तर तीनपैकी दोन चक्रांत मार्गिका रिकामी दिसणार, आणि रिकामी जागा आपल्याकडे किती वेळ रिकामी राहते हे सांगायला नको. म्हणून अशा शहरात सलग मार्गिकेचा हट्ट व्यर्थ आहे. चौकातली रांग जेवढी लांब, तेवढाच पट्टा बससाठी मोकळा ठेवावा आणि बाकीचे काम सिग्नलवर सोपवावे.

सिग्नलचे प्राधान्य दोन प्रकारे देतात: बस येताना दिसली की हिरवा दिवा लांबवायचा, किंवा लाल लवकर संपवायचा. वरच्या चक्रात ७५ सेकंद लाल असेल आणि बस कधीही येत असेल, तर सरासरी खोळंबा सुमारे २३ सेकंदांचा. हिरवा दहा सेकंद लांबवला की बारातल्या एकाच बसला लाभ होतो, पण तिचा मिनिटाहून अधिक वेळ वाचतो. मे महिन्यात खचाखच भरलेल्या गाडीत ते मिनिट फार मोठे असते. लाल दहा सेकंद आधी संपवला तर निम्म्याहून अधिक बसना थोडाथोडा लाभ होतो. सरासरी बचत दोन्हींत सारखीच, सहा सेकंदांच्या आसपास.

हे गणित थांब्याच्या जागेमुळे बिघडते. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तर लांबवलेला हिरवा दिवा प्रवाशांच्या चढउतारातच संपतो आणि आडव्या रस्त्यावरची माणसे उगाच ताटकळतात. थांबा चौकापलीकडे नेला तर बस आधी चौक ओलांडते, मग थांबते. त्याला लागतो फक्त एक हलवलेला खांब आणि जुन्या जागी उभे राहायची सवय लागलेल्या प्रवाशांना चार दिवस सांगणारा वाहतूक नियंत्रक.

एकाच वेळी जिंतूरची आणि गंगाखेडची बस आडव्या रस्त्यांवरून आल्या तर? उशिरा धावणारीला आधी सोडावे. वेळेआधी आलेलीला प्राधान्य देण्याचे कारणच नाही. आडव्या रस्त्याचे कापलेले सेकंद पुढच्या चक्रात परत करावेत.