‘भाऊगर्दी’ : एका शब्दाची वाटचाल

निवडणुका जवळ आल्या, की मराठी वृत्तपत्रांत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ हा शब्दप्रयोग हटकून दिसतो. संमेलनात कवींची भाऊगर्दी होते, लग्नसराईत पाहुण्यांची. बोलणाऱ्यास त्यातील ‘भाऊ’ म्हणजे कोणी भाऊबंद वाटतो आणि ‘गर्दी’ म्हणजे माणसांची दाटी. वस्तुतः या दोन्ही पदांचे मूळ अर्थ निराळे आहेत, आणि ज्या प्रसंगातून हा शब्द जन्मला त्याचा ग्वाल्हेरशी रक्ताचा संबंध आहे.

यातील भाऊ म्हणजे चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवराव भाऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज अहमदशहा अब्दालीशी लढली. त्या एका दिवसात विश्वासराव गेले, स्वतः भाऊ पडले आणि महाराष्ट्रातील असंख्य घरे उजाड झाली. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार त्याच दिवसाने भाषेला दिला. ‘भाऊगर्दी’ हे त्याच संहाराचे दुसरे नाव होय.

‘गर्दी’ हे पद फारसीतून आले. फिरणे, पालटणे हा त्याच्या मूळ धातूचा अर्थ. त्यावरून उलथापालथ, दंगल, लूटमार असा अर्थ रूढ झाला. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीत मांडलेला अनर्थ ती ‘नादिरगर्दी’, जाटांनी १७५३ मध्ये तेथे केलेली लूट ती ‘जाटगर्दी’, अब्दालीच्या स्वाऱ्या म्हणजे ‘शाहगर्दी’. ज्याच्या नावाने अनर्थ ओळखला जाई त्याचे नाव आधी आणि ‘गर्दी’ मागून, अशी ही घडण आहे. ‘भाऊगर्दी’ याच साच्यातील. पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता, म्हणून ‘गारदी’वरून ‘गर्दी’ आली असे मात्र समजू नये. ‘गारदी’ हा पहारेकरीवाचक युरोपीय शब्दाचा अपभ्रंश असून त्याचे कूळ वेगळे आहे.

मग दंगलीची दाटी कशी झाली? दंग्यात माणसे एकमेकांवर लोटतात, वाट मिळत नाही, घुसमट होते. मराठीने अनर्थ मागे टाकून ही घुसमट तेवढी ठेवली. पानिपतचा प्रसंगही या अर्थांतरास अनुकूल होता. मराठी छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, व्यापारी, बायकामुले व बाजारबुणगे यांचा प्रचंड समुदाय होता. अब्दालीने रसद तोडल्यावर हा सारा समुदाय दोन महिन्यांहून अधिक काळ अन्नपाण्यावाचून कोंडला गेला. जनसंमर्द आणि संहार तेथे एकाच ठिकाणी होते. पुढे संहाराची आठवण पुसट झाली आणि संमर्द शिल्लक राहिला.

हिंदीने मात्र जुना अर्थ सोडलेला नाही. ‘गुंडागर्दी’ या शब्दात माणसांची दाटी नाही, दंडेली आहे. ग्वाल्हेरचा मराठी माणूस घरात ‘बाजारात फार गर्दी होती’ असे म्हणतो आणि दाराबाहेर पडताच त्याच दाटीला ‘भीड’ म्हणतो. ‘गर्दी’ तेथे त्याला गुंडांच्या पाठीशी भेटते. एकाच शब्दाचे दोन काळ त्याच्या कानावर रोज पडतात. पुण्यामुंबईच्या वाचकास जे कोशात शोधावे लागेल, ते येथे उंबरठ्यावर सापडते.

याहून जवळचा दुवा शिंदे घराण्याचा. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. वर्षभराने पानिपतावर तुकोजी शिंदे कामास आले, जनकोजी पकडले जाऊन मारले गेले आणि महादजी पायाला कायमची जखम घेऊन परतले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले, असे सांगतात. त्याच महादजींनी पुढे १७७१ मध्ये दिल्लीत पुन्हा मराठ्यांचा अंमल बसवला. त्यांच्यामागून गादीवर आलेले दौलतराव हे पानिपतावर पडलेल्या तुकोजींचे नातू. १८१० मध्ये त्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ कायम केला आणि त्या तळाचे ‘लष्कर’ हे शहर झाले. सैन्याचा वाचक शब्द वस्तीचे नाव बनला, तसाच संहाराचा वाचक शब्द दाटीचे नाव बनला.

शब्दाने अर्थ बदलावा यात गैर काही नाही. भाषा जिवंत असल्याची ती खूण आहे. तथापि, ज्या गावाची मराठी वस्तीच त्या अनर्थातून सावरलेल्यांनी उभी केली, तेथे तरी ‘भाऊगर्दी’तला भाऊ कोण होता हे ठाऊक असावे.