ताजमहालाची एक नक्कल

या टेबलावर उभे करून ठेवलेले चित्र माझे नाही. गावातील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यातून ते आजच्या संध्याकाळपुरते मागून आणले आहे. यमुनेच्या पाण्यात उतरलेला ताजमहाल आणि वर निरभ्र आकाश. मागच्या रांगेतूनही ते ओळखता यावे. चित्र छापील मात्र नव्हे. कोणा कारागिराने कॅनव्हासवर तैलरंगांत हाताने काढलेली ही नक्कल आहे. चीनमधील शेन्झेन येथे दाफेन नावाची एक वस्तीच अशा नकलांवर जगत आली आहे. १९८९ पासून तेथून नामांकित चित्रांच्या हस्तनिर्मित प्रती देशोदेशी गेल्या. स्नेही मला म्हणाले, "आम्हांला ताजमहाल हवा होता, तो मिळाला. मूळ चित्रकार कोणी रशियन आहे म्हणे."

त्या 'कोणी रशियना'बद्दल आज बोलावयाचे आहे.

वासिली व्हेरेश्चागिन १८४२ साली जन्मला. आरमारी शाळेत शिकला आणि नोकरी सोडून चित्रकलेकडे वळला. १८६७ मध्ये जनरल काउफमानच्या सैन्याबरोबर तो मध्य आशियात गेला. पुढच्या वर्षी समरकंदच्या किल्ल्यात मूठभर रशियन शिबंदी वेढ्यात सापडली, तेव्हा या गृहस्थाने कुंचला खाली ठेवून बंदूक उचलली. त्याबद्दल त्याला सेंट जॉर्जचा क्रॉस मिळाला. पण युद्ध जवळून पाहिलेल्या या माणसाने १८७१ मध्ये काय रंगवले? मानवी कवट्यांचा ढीग! उजाड पिवळे माळरान, वठलेली झाडे, दूर पडके शहर, ढिगावर कावळे. चौकटीवर अर्पणपत्रिका लिहिली ती सर्व थोर विजेत्यांना: झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या. त्या चित्रात एकही जिवंत माणूस नाही. कवट्या वगळल्या तर ते निसर्गचित्रच आहे, आणि वरचे आकाश या ताजमहालावरच्या आकाशाइतकेच स्वच्छ आहे.

ही मध्य आशियातील चित्रे १८७४ मध्ये विकावयाची झाली तेव्हा त्याने अट घातली, की संग्रह फोडावयाचा नाही. मॉस्कोच्या पावेल त्रेत्याकोव्हने ती मान्य करून ९२,००० रूबलांना सारा संग्रह घेतला. एक चित्र दुसऱ्याशेजारी पाहिले तरच त्याचा अर्थ लागतो, ही व्हेरेश्चागिनची धारणा होती.

त्याच साली तो पत्नीसह मुंबईस उतरला. आग्रा, दिल्ली, सिक्कीम, काश्मीर, लडाख अशी दोन वर्षे भटकंती झाली. आपल्यासमोरील ताजमहाल त्याच प्रवासातला. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. आकाराने लहानच, लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास. पुढे १८७७च्या रशिया-तुर्की युद्धात तो स्वतः जखमी झाला आणि प्लेव्हनापाशी त्याचा भाऊ मारला गेला. १८८२-८३ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला, आणि १८८४च्या सुमारास त्याने ते चित्र काढले, जे आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात कधी ना कधी पाहिले आहे: ओळीने तोफा, आणि तोफांच्या तोंडी बांधलेली माणसे.

त्यावर इंग्रजांनी गदारोळ केला. सत्तावन्नच्या बंडाचे म्हणता आणि गणवेष आजचे कसे, असा त्यांचा आक्षेप. गणवेषांचा आक्षेप खराच होता; पण तो उलटा लागू पडतो. १८७२ मध्ये मलेरकोटला येथे साठांहून अधिक कुका शिखांना याच रीतीने उडवले गेले होते. म्हणजे सत्तावन्नबरोबर ही शिक्षा संपली नव्हती. आणि व्हेरेश्चागिन केवळ इंग्रजांवर उलटला म्हणावे तर तेही नाही. देहान्त शिक्षांच्या त्या चित्रमालेत रोमनांनी दिलेले क्रूस आहेत, तसेच त्याच्या स्वतःच्या रशियातले फासही आहेत. तोफांचे मूळ चित्र आज कोणत्याही सार्वजनिक संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. ते जगले आहे छापील प्रतींवर. तेव्हा प्रतिकृतीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत मी नाही.

आता हे चित्र नीट पाहा. हात तयारीचा आहे. घुमटाची गोलाई साधली आहे, मिनार सरळ आहेत. पण कारागिराने यमुनेला आकाशाहूनही निळे केले आहे, आणि उन्हाने तापलेल्या दगडाचा कोरडेपणा, जो व्हेरेश्चागिन समरकंदात शिकला, तो येथे गुळगुळीत होऊन गेला आहे. रंगांचे एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण अशी, की मालेतला एकच मणी दिवाणखान्यात आला. हिंदुस्थानातील बरीचशी चित्रे त्याने स्वतःच १८८० मध्ये पीटर्सबर्गला लिलावात सुटी सुटी विकली, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा दोष एकट्या कारागिराकडे जात नाही.

१३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थरजवळ 'पेट्रोपाव्लोव्स्क' ही युद्धनौका जपानी सुरुंगावर फुटली. नौसेनापती माकारोव्हबरोबर तीवर बासष्टीच्या उंबरठ्यावरचा हा चित्रकारही होता. तोही बुडाला.

चित्र उद्या सकाळी परत करावयाचे आहे. सोबत तोफांच्या चित्राची एक छापील प्रतही मी देणार आहे. यजमानीणबाई ती दिवाणखान्यात लावतील असे मात्र मला वाटत नाही.